तुमचा ‘राजा’ अंड्यावर आलाय

प्रश्न : ऐरोलीला आमच्याकडे पाच वर्षांपासून दोन पाणकासवं आहेत, डोळ्यामागे लाल पट्टा असलेली. घेतली तेव्हा दहाच्या नाण्याहून जराशी मोठी होती. दुकानदाराने ‘जोडी आहे’ म्हणून जास्त पैसे घेतले. मोठं होतं त्याचं नाव मुलांनी राजा ठेवलं, छोटं ती राणी. आता कपड्याच्या टेपने मोजलं तर राजा 21 सेंमी आणि राणी साडेचौदा. राणीची पुढची नखं खूप वाढली आहेत, ती राजाच्या तोंडासमोर नखं थरथरवत राहते. हे भांडण आहे का? नखं कापून आणावीत का? खरंच नर कोण आणि मादी कोण, हे घरी कसं ओळखायचं? कळव्याला मोठ्या दिरांकडे स्टार कासव आहे, त्यालाही हेच नियम लागू पडतात का? शिवाय राजा चार-पाच दिवस नीट खात नाही, रात्री सुक्या फळीवर चढून मागच्या पायांनी खरवडत बसतो. दोघांना सांभाळणं जड जातंय, एकाला उपवन तलावात सोडलं तर चालेल का?

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातली सगळ्यात तातडीची गोष्ट तुम्ही शेवटाकडे ओझरती लिहिली आहे. मोठं कासव खाणं कमी करतं, सुक्या जागेवर जातं आणि मागच्या पायांनी खरवडतं, तेव्हा ते अंडी घालायला जागा शोधत असतं. तुमचा राजा मादी आहे आणि बहुधा तिच्या पोटात अंडी आहेत. राणी नर आहे. नावं उलटी पडली, एवढंच असतं तर घाई नव्हती. पण काचेच्या टाकीत माती नसते. माती मिळाली नाही की मादी अंडी धरून ठेवते, आणि ती अडकली तर जिवावर बेततं. म्हणून खात्री आज करून घ्या आणि मातीचा टब उद्यापर्यंत तयार ठेवा. दोन्ही कसं करायचं ते सविस्तर सांगतो.

दुकानदाराच्या ‘जोडी’बद्दल आधी. तुमची कासवं रेड-इअर्ड स्लायडर जातीची आहेत, मूळची अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातली. नाण्याएवढ्या पिल्लात नर-मादी बाहेरून ओळखता येत नाही. दुकानदाराला नाही, आम्हाला नाही आणि पशुवैद्यालाही नाही. त्या वयात शेपूट, नखं, आकार सगळं सारखंच असतं. त्या पिल्लांना ‘जोडी’ म्हणून जास्त पैसे घेणं म्हणजे अंदाजाचे पैसे घेणं. या जातीत नर-मादी ठरवणारं गुणसूत्रही नसतं. अंडं उबताना मातीचं तापमान किती होतं त्यावर ते ठरतं. 26-27 अंशांच्या आसपास उबलं तर नर, 31 च्या वर उबलं तर मादी, आणि मधल्या पट्ट्यात दोन्ही. त्यामुळे एका घरट्यातली पिल्लं पुष्कळदा सगळी एकाच लिंगाची निघतात, आणि एका दिवशी, एका टोपलीतून घेतलेली दोन कासवं दोन्ही नर किंवा दोन्ही मादी असणं अगदी शक्य असतं. पोपटाचं पीस किंवा रक्त पाठवून डीएनए चाचणी करतात तशी चाचणी या कासवांची होत नाही, कारण तपासायला तसं गुणसूत्रच नाही. कुणी ती करून देतो म्हणाला तर पैसे देऊ नका.

आता माप. कपड्याची टेप पाठीच्या उंचवट्यावरून जाते, त्यामुळे माप दीड-दोन सेंटिमीटर जास्त येतं. कासव लादीवर ठेवा, कवचाच्या पुढच्या आणि मागच्या टोकाला एकेक जाड पुस्तक उभं टेकवा आणि दोन पुस्तकांमधलं अंतर पट्टीने मोजा. हे खरं माप. तुमचं मोठं कासव सरळ मापात 19 सेंमीच्या आसपास भरेल, लहान 13 च्या आसपास. हे आकडे महत्त्वाचे, कारण कासवात वयापेक्षा आकार जास्त बोलतो. नर साधारण 10 सेंमीचा झाला की त्याची लक्षणं दिसू लागतात. मादीला वयात यायला 15 ते 19 सेंमी व्हावं लागतं. म्हणून 10 सेंमीच्या आतल्या कासवावर शिक्का मारू नये. नखं आखूड आणि शेपूट बारीक दिसली तरी ती मादीच असेल असं नाही, वयात न आलेला नरही तसाच दिसतो. लोक फसतात ते इथे. सगळी लहान कासवं ‘मादी’ ठरतात आणि त्यातली काही वर्षभराने नर निघतात.

शेपूट ही सगळ्यात भरवशाची खूण, पण ती बघायची पद्धत चुकली तर काही कळत नाही. कासव हातात उचललं की ते शेपूट एका बाजूला मुडपून कवचाखाली घेतं, आणि मग नर असो की मादी, दिसतं फक्त एक टोक. त्यापेक्षा पारदर्शक प्लॅस्टिकचा डबा घ्या, तांदूळ भरायचा असतो तसा, पण तो पुन्हा स्वयंपाकघरात न्यायचा नाही असा. त्यात सात-आठ सेंमी कोमट पाणी घाला, कासव सोडा आणि पाच मिनिटं त्याच्या वाटेला जाऊ नका. ते शांत झालं की शेपूट आपोआप सैल सोडतं. मग डबा दोन स्टुलांच्या मधोमध, दोन्ही कडांवर टेकवून ठेवा आणि खालून मोबाइलने फोटो काढा. फोटो मोठा करून बघा. नराची शेपूट मुळाशी जाड, मांसल असते आणि लांब असते. तिच्यावरचं छिद्र, ज्यातून शी-शू आणि प्रजनन सगळं होतं, ते कवचाच्या कडेच्या बाहेर, शेपटीच्या टोकाकडे असतं. मादीची शेपूट आखूड, लगेच निमुळती होणारी, आणि छिद्र अंगालगत, कवचाच्या कडेच्या आत. दोन्ही कासवांचे फोटो शेजारी ठेवले तर वेगळं सांगावं लागणार नाही.

उचलायचंच असेल तर दोन्ही हातांनी, पुढच्या आणि मागच्या पायांच्या मधल्या जागेत कवच धरून उचला. खाली घडी केलेला टॉवेल असू द्या, कारण ते पाय झाडतं, नखं लागतात, आणि घाबरलं की अंगावर पाणी सोडतं. मोठीला मात्र उलटी करू नका. पोटात कवच धरलेली अंडी असताना झटक्याने उलथंपालथं करणं तिच्यासाठी बरं नाही. तिची तपासणी डब्यातल्या फोटोवरच करा.

नखांचं उत्तर सोपं आहे. कापू नका. नर वयात आला की पुढच्या पायांची नखं लांबतात, मधली तर मागच्या नखांच्या दुप्पट-तिप्पट होतात. ती वाढलेली नाहीत, ती तशीच असायची आहेत. नखाच्या आत रक्तवाहिनी असते, कापताना ती तुटली की रक्त थांबता थांबत नाही, आणि टाकीच्या पाण्यात त्या जखमेला संसर्ग होतो. तुम्ही जे थरथरवणं म्हणता ती या जातीची मागणी घालायची रीत. नर मादीच्या समोर येतो, उलटा पोहत राहतो, दोन्ही पंजांचे तळवे बाहेर वळवून तिच्या गालांपाशी नखं झरझर हलवतो. ते भांडण नाही. पण एक सावधगिरी सांगतो. निव्वळ थरथरवण्यावरून नर ठरवू नका, कारण लहान पिल्लं आणि कधीकधी माद्याही तसं करताना दिसतात. लांब नखं, जाड शेपूट आणि हे वागणं, तिन्ही एकत्र आलं की मगच शंका मिटते. तुमच्या छोट्याचं पत्रावरून तरी दोन खुणांशी जुळतंय, तिसरी फोटोत दिसेल.

पोटाचं कवच खोलगट असेल तर नर, सपाट असेल तर मादी, असं पुष्कळजण सांगतात. जमिनीवरच्या कासवांत ही खूण चांगली चालते. स्लायडरमध्ये खोलगटपणा इतका थोडा असतो की बोट फिरवून नीट जाणवतही नाही. त्यातून ज्याला वर्षानुवर्षं ऊन मिळालं नाही, नुसत्या गोळीखाद्यावर ठेवलंय, त्याचं कवच मऊ पडून कसंही वाकतं. तो खोलगटपणा आजाराचा असतो. म्हणून या खुणेला आम्ही शेवटचा नंबर देतो. रंगाचंही तसंच. म्हातारे नर काळवंडत जातात, डोळ्यामागचा लाल पट्टासुद्धा पुसट होतो. हे नैसर्गिक आहे, पण त्याला बरीच वर्षं लागतात. मादी मोठी असते हे मात्र खरं. पूर्ण वाढलेली मादी 25 ते 30 सेंमीपर्यंत जाते, नर साधारण 20 च्या आसपास थांबतो. तुमच्या घरात नेमकं उलटं धरलं गेलं, कारण मोठा तो राजा हे आपल्याला आपोआप वाटतं.

नर आहे हे ठरल्यावर एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा, नाहीतर एखाद्या सकाळी घाबरगुंडी उडेल. नर कधीकधी पाण्यात असताना शेपटीतून काळपट जांभळं, फुलासारखं उमललेलं इंद्रिय बाहेर काढतो. आतडं बाहेर आलं असं वाटून लोक ते बोटाने आत ढकलायला जातात. हात लावू नका. बहुतेक वेळा ते काही मिनिटांत आपणहून आत जातं. तासाभरानंतरही बाहेरच असेल, सुजलं किंवा कोरडं पडत असेल, तर त्याला मोठीपासून लगेच वेगळं करा, कारण दुसरं कासव ते खाऊ समजून चावतं. स्वच्छ पाण्याच्या उथळ टबात ओलं ठेवून त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्या.

आता मोठीकडे. मादी कासव नर नसतानाही अंडी घालतं, कोंबडीसारखंच. त्यामुळे ‘आमच्याकडे एकच आहे, अंडी कुठून येणार’ हे कुणी म्हणू नये. तुमच्याकडे तर वयात आलेला नर सोबत आहे.

टब असा करा. सामान ठेवायचा मोठा प्लॅस्टिकचा खोका घ्या, साधारण 60 बाय 45 सेंमीचा आणि 45 सेंमी तरी उंच. निम्मी वाळू, निम्मी कुंडीची साधी माती, खत किंवा कीटकनाशक न घातलेली, अशी मिसळून 25 सेंमीचा थर द्या. वाळू बांधकामाची चालेल, पण चाळून आणि दोन-तीन पाण्यांनी धुऊन. चौपाटीवरची खारट वाळू नको. भरलेला खोका शंभर किलोंच्या वर जातो, म्हणून जिथे ठेवायचा तिथेच तो भरा, भरून मग सरकवायला जाऊ नका. ओलावा सगळ्यात महत्त्वाचा. मूठ वळली की मिश्रण लाडवासारखं राहिलं पाहिजे, पण बोटांतून पाणी ठिबकता कामा नये. मनगटापर्यंत हात घालून खड्डा करून बघा. कडा ढासळल्या तर माती कोरडी आहे. मादी मागच्या पायांनी, न बघता, सुरईच्या आकाराचा खड्डा खणते, स्वतःचं पाणी सोडून माती भिजवते. कोरड्या वाळूत तो खड्डा पुन्हा पुन्हा ढासळतो, ती दोन-तीनदा प्रयत्न करून सोडून देते आणि मग अंडी अडकतात. लोक म्हणतात, ‘वाळू ठेवली होती तरी घातली नाहीत’. बघायला गेलं तर वाळू एकतर कोरडी असते, नाहीतर चार बोटं खोल.

माती 28 ते 30 अंशांवर राहील असं बघा. उन्हाळ्यात ऐरोलीच्या घरात ती आपसूकच तेवढी असते. थंडीत किंवा एसीच्या खोलीत एका कोपऱ्यावर बल्ब लावावा लागतो. खोका गॅलरीत ठेवणार असाल तर वर जाळी हवी, कावळे आणि घारी टपून असतात. आणि अर्ध्यावर सावली हवीच. प्लॅस्टिकच्या खोक्यात दुपारचं ऊन आलं तर कासव बघता बघता तापून मरतं. सकाळी किंवा संध्याकाळी तिला तीन-चार तास त्यात एकटी सोडा. टीव्हीचा आवाज नको, मुलांचं डोकावणं नको. खणायला लागल्यावर कुणी वर वाकून बघितलं तर ती थांबते आणि तो दिवस वाया जातो. मोबाइल दूर लावून व्हिडिओ करा, पाहिजे तर. पहिल्या दिवशी काही झालं नाही म्हणून हिरमुसू नका, रोज हीच वेळ द्या. मधल्या वेळात ती पाण्यातच हवी.

हे चालू असतानाच या आठवड्यात तिचा एक्स-रे काढून घ्या. अंड्यांची कवचं त्यात स्वच्छ दिसतात, किती आहेत ते मोजता येतं, आणि एखादं फार मोठं किंवा वेडंवाकडं असेल तर ते आधीच कळतं. कुत्र्या-मांजरांचा प्रत्येक डॉक्टर कासव हाताळत नाही. म्हणून जाण्याआधी फोनवर दोन प्रश्न विचारा, कासवाचा एक्स-रे काढता का आणि अंडी अडकली तर उपचार करता का. जवळपास कुणी नसेल तर परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट प्राणी रुग्णालय आहे, तिथेही आधी फोन करून विचारा. नेताना पाण्यात नेऊ नका, झाकणाला भोकं पाडलेल्या खोक्यात ओला टॉवेल अंथरून न्या.

थांबायचं कधी नाही, तेही सांगतो. ती मलूल पडली, मान लोंबकळू लागली, तोंड उघडून श्वास घ्यायला लागली, जोर करतेय पण काही येत नाही, मागून रक्त किंवा काही लोंबताना दिसलं, किंवा खाणं पूर्ण बंद होऊन दिवसचे दिवस गेले, तर मातीचा प्रयोग बंद करून त्याच दिवशी डॉक्टर गाठा. डॉक्टर आधी शरीरात पाणी आणि कॅल्शियम भरून काढतात, मग अंडी सुटायचं इंजेक्शन देतात. ते इंजेक्शन कुणा ओळखीच्या कंपाउंडरकडून परस्पर घेऊ नका. आत अंडं आडवं असेल तर आकुंचनाने आतला भाग फाटू शकतो. पोट दाबून अंडी काढायचा प्रयत्न तर अजिबात नको. आत अंडं फुटलं की पोटात संसर्ग होतो.

अंडी अडकण्याचं दुसरं मोठं कारण कॅल्शियमची कमतरता. कोळणीकडे माकुळाचं हाड मागा, म्हणजेच समुद्रफेन. ते दोन दिवस साध्या पाण्यात भिजवून, पाणी बदलून खारटपणा काढा, वाळवा आणि टाकीत तुकडा तरंगत ठेवा. लागेल तसं ती कुरतडते. पण नुसतं कॅल्शियम देऊन भागत नाही. ते हाडात आणि अंड्यात जिरायला उन्हातले यूव्हीबी किरण लागतात, आणि खिडकीची काच ते किरण अडवते. म्हणून काचेतून येणारं ऊन ऊब देतं, बाकी उपयोगाचं नाही. सकाळच्या कोवळ्या उन्हात, अर्ध्या सावलीच्या टबात अर्धा तास, नाहीतर सुक्या फळीवर सरपटणाऱ्या प्राण्यांसाठीचा यूव्हीबी दिवा, यांतलं काहीतरी हवं. पालक रोज देऊ नका, त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम धरून ठेवतं.

नर सोबत आहे हाही प्रश्न आहे. मादी पोटुशी असताना तो सारखा मागे लागला तर ती सुक्या फळीवर येऊच शकत नाही. मानेवर किंवा मागच्या पायांवर चावल्याच्या खुणा आहेत का ते बघा. असोत वा नसोत, आत्ता त्याला वेगळ्या टाकीत ठेवा, आणि आमचं मत विचाराल तर कायमचाच. या जातीला सोबतीची गरज नसते, दुसरं कासव त्यांच्या लेखी जागेचा आणि खाण्याचा वाटेकरी असतो. 19 सेंमीच्या मादीला अडीचशे लिटरच्या पुढची टाकी लागते. एवढ्या पाण्याचं वजनच अडीचशे किलो होतं, तेव्हा ती खोलीच्या मधोमध न ठेवता भिंतीलगत, तुळईच्या बाजूला ठेवा.

दिरांच्या कासवाबद्दल. स्टार कासवात नखांचा नियम लागू नाही. तिथे मादी नरापेक्षा खूप मोठी आणि रुंद असते, नराची शेपूट लांब आणि पोटाचं कवच चांगलंच खोलगट असतं. पण ताई, त्यांच्यासाठी हा प्रश्न नर-मादीचा नाहीच. स्टार कासव आपल्या देशातला वन्य प्राणी आहे. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 मध्ये 2022 साली झालेली दुरुस्ती 1 एप्रिल 2023 पासून लागू आहे आणि त्यात ते पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्याच यादीत. 2019 पासून आंतरराष्ट्रीय व्यापारावरही पूर्ण बंदी आहे. घरी ठेवणं गुन्हा आहे, त्याला तीन ते सात वर्षांची शिक्षा आहे. वास्तूला लाभतं म्हणून ठेवलं असेल, कुणी भेट दिलं असेल, त्याने कायद्यात फरक पडत नाही. वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन करून आपणहून सुपूर्द करा. येऊरच्या जंगलात गुपचूप सोडू नका. स्टार कासव कोरड्या झुडपी प्रदेशातलं आहे, येऊरचा चार महिन्यांचा पाऊस त्याला सोसत नाही.

तुमचीही कासवं खरंच स्लायडर आहेत ना, हे याच निमित्ताने बघून घ्या. भारतीय छत कासवाच्या डोळ्यामागेही लालसर-केशरी डाग असतो आणि दुकानात ते स्लायडर म्हणून खपवलं जातं. स्लायडरची पाठ बरीचशी सपाट गोलसर असते आणि लाल रंग डोळ्यामागून मानेकडे पट्ट्यासारखा जातो. छत कासवाची पाठ घराच्या कौलारू छपरासारखी दोन्ही बाजूंनी उतरती असते, मधोमध कणा असतो आणि त्या कण्यावर मध्यभागी टोकदार उंचवटा. तसं दिसलं तर तेही 1926 वरच कळवायचं. मागच्या पायांवर कातड्याचे पडदे असलेलं, मऊ पाठीचं कासव कुणाकडे असेल तर तेही संरक्षितच.

उपवनात सोडायचं मात्र मनातून काढून टाका. उपवन नाही, मासुंदा नाही, देवळाची पुष्करणी नाही. जगातल्या सगळ्यात घातक अशा शंभर उपऱ्या जिवांच्या आंतरराष्ट्रीय यादीत ही जात आहे. ती आपल्या कासवांच्या ऊन खायच्या जागा बळकावते, त्यांचं खाणं पळवते, रोग पसरवते, आणि अंड्यावर आलेली मादी काठावर पहिल्याच आठवड्यात घरटं करते. सांभाळणं जमत नसेल तर आधी नरासाठी घर शोधा. लहान टाकीत त्याचं भागतं, आणि अंड्यांचा प्रश्न नाही. घेणाऱ्याला एवढं स्पष्ट सांगा की हा प्राणी वीस-तीस वर्षं जगतो.

हे सगळं करताना हात साबणाने धुवायचे, प्रत्येक वेळी. कासवाच्या अंगावर साल्मोनेला जिवाणू असतात, माणसाला ताप-जुलाब आणणारे, आणि कासव मात्र पूर्ण निरोगी दिसतं. अमेरिकेत याच कारणाने 1975 पासून चार इंचांहून लहान कासवं विकायला बंदी आहे, कारण तेवढी लहान कासवं मुलं तोंडात घालतात. टाकीचं पाणी भांडी घासायच्या सिंकमध्ये ओतू नका. पाच वर्षांखालचं मूल घरात असेल तर त्याला कासवाला हात लावू देऊ नका.

अंडी घातली की तिला लगेच पाण्यात सोडा, ती खूप थकलेली असते आणि भरपूर पाणी पिते. माती हाताने हळू उकरून सगळी अंडी काढा, पाच-सात ते पंधरा-वीस असू शकतात, पांढरी, लांबट. एक्स-रेतल्या आकड्याशी ताळा करा. एखादं कमी असेल तर ते आत राहिलंय असं धरून डॉक्टरांना कळवा. नर सोबत असल्याने ती फळलेली असू शकतात, आणि उबवायची नाहीत, दहा-बारा स्लायडरना घरं कुठे शोधणार. त्याच दिवशी पिशवीत बांधून दोन दिवस फ्रीजरमध्ये ठेवा आणि मग ओल्या कचऱ्यात टाका. नर आज वेगळा केला तरी मादी त्याचं बीज महिनोन्महिने शरीरात साठवू शकते, म्हणून पुढच्या खेपेच्या अंड्यांचंही हेच करायचं. खोका मोडू नका. तारीख त्याच्या झाकणावर लिहून ठेवा, तीन-चार आठवड्यांनी ती पुन्हा खरवडायला लागेल.